दादाच्या गिटारचा कंडेन्सर

त्या रविवारी दुपारी दादा सौंसरला आला तेव्हा मी एका भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर उघडून बसले होते. गाडी दारात लावून तो सरळ आत आला, पाठीवरची गिटार माझ्या टेबलावर आडवी ठेवली आणि पाणीही न पिता म्हणाला, "लय दबून राहिली ही. आवाज कपड्यात गुंडाळल्यासारखा येते. शनिवारी प्रोग्राम आहे, बाई. कंडेन्सर बदलून दे."

दादा माझा मोठा भाऊ. राहतो पांढुर्ण्याला, नोकरी रेल्वेत गँगमनची. रूळ, खडी, स्लीपर हे त्याचं काम, आणि गिटार हा त्याचा जीव. सौंसरच्या एका ऑर्केस्ट्रात तो वीस वर्षांपासून वाजवतो. लग्नं, वाढदिवस, गणपती, कुठंही बोलावलं की ड्युटी सांभाळून जातो. मी लग्न होऊन सौंसरला आले आणि घराच्या पुढच्या खोलीत दुरुस्तीचं टेबल मांडलं. हे काम बाबांकडून शिकले. ते पांढुर्ण्यात रेडिओ दुरुस्त करायचे. कॅपॅसिटरला ते कंडेन्सर म्हणत, म्हणून आम्हीही कंडेन्सरच म्हणतो.

"मागच्या वर्षीच बदलला ना," मी म्हटलं.

"मंग अजून बदल. तुले कंटाळा आला का?"

कंटाळा आला नव्हता. पण मनात एक गोष्ट खुपत होती. चार दिवसांपूर्वी दादाच्या गटातल्या गायिकेचा मला फोन आला होता. ती शाळेत शिकवते, बोलणं मोजकं. ती म्हणाली होती, "ताई, तुमच्या भावाले जरा समजावून सांगा. त्यायची गिटार कानात टोचते. मी गाऊन राहिली का त्यायचा आवाज माह्या आवाजाले कापते. आमी सांगून पायलं, थे ऐकत नाहीत. शनिवारी दुसऱ्या कोणाले उभं करा असं बाकीचे म्हणून राहिले."

म्हणजे तिला टोचत होती आणि त्याला दबकी वाटत होती. एकाच गिटारबद्दल दोघं बोलत होते.

मी गिटारचं मागचं झाकण उघडलं. गिटारच्या टोनच्या बटणाला एक छोटा कंडेन्सर जोडलेला असतो. सुरातला जो तीक्ष्ण, चमकदार भाग असतो, तो या कंडेन्सरमधून जमिनीत, म्हणजे अर्थमध्ये जातो. बटण फिरवून किती जाऊ द्यायचा ते ठरवायचं. कंडेन्सर मोठा असेल तर जास्त जातो, आवाज मऊ, जाड होतो. लहान असेल तर कमी जातो, आवाजाची धार शिल्लक राहते. सुरुवातीला दादाच्या गिटारमध्ये ४७३ हा आकडा छापलेला कंडेन्सर होता. तीन वर्षांपूर्वी त्याला तो जड वाटायला लागला म्हणून मी त्याच्या निम्म्याहून कमी क्षमतेचा, २२३ टाकला. मागच्या वर्षी तोही जड वाटला, म्हणून त्याच्याही निम्म्याहून कमी, १०३. आता समोर तोच हिरवा १०३ होता. सोल्डरचा टाका पक्का होता. मीटर लावून पाहिलं, कंडेन्सरही चांगला होता.

"यात खराबी नाही," मी म्हटलं.

"तं मंग आवाज काऊन दबते?"

मी एकेक गोष्ट तपासत गेले. तारा जुन्या असल्या तरी आवाज मरतो, पण तारा नव्या होत्या. वायर लांब असली तरी आवाज मरतो, म्हणून माझी हातभर लांबीची वायर लावली. बटणं साफ केली. दादा खुर्चीच्या टोकावर बसून वाजवत होता आणि दर वेळी मान हलवत होता. पूर्वी तो टोनचं बटण खाली आणून वाजवायचा, सुरात गोडवा येतो म्हणायचा. त्या दिवशी बटण पूर्ण उघडं होतं आणि ॲम्प्लिफायरवरचंही.

मला तो आवाज दातांत जाणवत होता.

माझ्याकडे एक जुनी डबी आहे. तिच्यावर फिरणारा स्विच बसवून आत पाच वेगवेगळे कंडेन्सर जोडले आहेत. म्हणजे दर वेळी टाका काढून पुन्हा लावायला नको, क्लिपा लावल्या आणि स्विच फिरवला की पुढचा. ती डबी मी दादाच्या गिटारला जोडली. टोनचं बटण त्याला पूर्ण खाली करायला लावलं, कारण फरक खरा कळतो तो तिथंच.

"मी फिरवते, तू वाजवत राहा. कोणता बरा वाटते ते सांग."

पहिला ४७३. घोंगडं टाकल्यासारखा आवाज आला. तो म्हणाला, "दबका."

दुसरा २२३. "हा बी."

तिसरा, चौथा, पाचवा. प्रत्येक वेळी आवाज उजळत होता. माझ्या स्वयंपाकघरापर्यंत तो फरक पोचला असता. दादा म्हणाला, "सारे सारखेच दाखवून राहिली तू मले."

सहाव्या जागेवर मी काहीच जोडलेलं नव्हतं. तिथं स्विच नेला की कंडेन्सर सर्किटमधून सुटतो आणि टोनचं बटण निकामी होतं. गिटारमधून जे निघतं ते सगळं, जसंच्या तसं येतं. मी स्विच तिथं नेला. तारेवर नख घासल्याचा आवाजसुद्धा खोलीभर पसरला.

"हा?" मी विचारलं.

तो क्षणभर वाजवत राहिला. मग म्हणाला, "हा थोडा जाडच वाटते."

माझा हात स्विचवरच राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो बोटांकडे पाहत होता. चेष्टा करत नव्हता. कपाळावर घाम होता, आणि नोव्हेंबर लागलेला होता.

ॲम्प्लिफायर तपासायला मी फोनवरचं एक ॲप वापरते. त्यातून एकच एक सूर काढता येतो, बारीक किंवा जाड, हवा तसा. मी फोन ॲम्प्लिफायरला जोडला. दादाला म्हटलं, "गिटार नाही, तर ॲम्प्लिफायर पाहू. आवाज ऐकू येणं बंद झालं का हात वर कर."

जाड सुरापासून सुरुवात केली. त्याने मान डोलावली. हळूहळू सूर चढवत नेला. हजार हर्ट्झवर तो बसला होता तसाच बसला. दोन हजारांवर त्याने डोकं थोडं पुढं काढलं. अडीच हजार. तीन हजारांच्या जवळ त्याने हात वर केला.

"बंद केलं का?" त्याने विचारलं.

बंद केलं नव्हतं. शिट्टीसारखा सूर माझ्या कानात घुसत होता. मला वाटलं आवाज कमी असेल, म्हणून वाढवला. त्याचा हात वरच. अजून वाढवला. समोरच्या कापडाच्या दुकानातले काका रस्ता ओलांडून दारात आले. दोन्ही हात कानांवर दाबलेले. त्यांचे ओठ हलताना दिसले, शब्द ऐकू आले नाहीत. दादाने वळून त्यांच्याकडे पाहिलं, कानांवरच्या त्यांच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी फोन बंद केला. काकांना म्हटलं, "झालं काका, माफ करा." ते बडबडत परत गेले.

दादाने हात खाली घेतला. गिटार मांडीवरून उचलून भिंतीला टेकवली.  आत कुकर लावलेला होता, मी जाऊन गॅस बंद केला, परत आले. तो तसाच बसला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"दादा."

तो खाली बघून म्हणाला, "वर्ष झालं असंन. जास्त बी असंन. बोलणं ऐकू येते मले. जाड आवाज सारे येते. बारीकच नाही येत."

तेव्हा मला एक दुसरी गोष्ट आठवली. रुळावर गँग काम करते तेव्हा थोड्या अंतरावर एक माणूस फक्त गाडीवर लक्ष ठेवून उभा असतो. गाडी दिसली की तो शिट्टी फुंकतो. शिट्टी झाली की सगळ्यांनी अवजारं घेऊन बाजूला व्हायचं. मला हे दादानेच लहान मुलांना सांगायच्या गोष्टीसारखं सांगितलं होतं.

"आणि शिट्टी?" मी विचारलं.

त्याने भिंतीला टेकवलेली गिटार सरळ केली.

"दादा, शिट्टी ऐकू येते का तुले?"

"मी सगळ्यायचे पाय पायतो," तो म्हणाला. "थे हटले का मी हटतो."

इतक्या सहज म्हणाला की मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. मी म्हटलं, उद्या ड्युटीवर जाऊ नको. तो म्हणाला, जाणं भाग आहे, माणसं कमी आहेत. मी म्हटलं, साहेबांना सांग, तपासणी करून घे. तो म्हणाला, "एकडाव का तपासणीत फेल झालो, तं ट्रॅकवरून काढतीन. मंग कुठं टाकतीन, काय करतीन, कोणाले माहीत. पुढची तपासणी लांब आहे. तोवर पाहू." मागच्या तपासणीच्या वेळी त्याचे कान ठीक होते, हे खरं होतं.

"वहिनीले माहीत आहे का?"

"नाही. अन् तू बी सांगजो नोको. माही शपथ आहे तुले."

शपथ घालून तो उठला. गिटार टेबलाजवळच ठेवली. दारातून म्हणाला, "शनिवारच्या आधी करून ठेव." आणि गेला. गिटारमध्ये आता काय करून ठेवायचं होतं, ते ना त्याने सांगितलं, ना मी विचारलं.

सोमवारी सकाळी मी सात वाजता त्याला फोन केला. उचलला नाही. साडेसातला केला. आठला केला. कामावर असताना तो फोन डब्याच्या पिशवीत ठेवतो, हे मला ठाऊक होतं, तरी दर थोड्या वेळाने करत राहिले. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वहिनीले फोन लाव." मी म्हटलं, शपथ घातली आहे. तो म्हणाला, "शपथ वहिनीले सांगाची नाही, असं म्हणला ना तो? बाकीच्यायचं काही म्हणला नाही."

नऊच्या बसने मी पांढुर्ण्याला निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचणं सुरू होतं, बागांच्या तोंडाशी संत्र्यांची क्रेटं रचलेली होती. मला त्यातलं काही धड दिसत नव्हतं. मी फक्त हिशोब करत होते की आतापर्यंत किती गाड्या गेल्या असतील. पांढुर्ण्याला उतरून तिगावला जायला ऑटो पकडला. आदल्या आठवड्यात दादा म्हणाला होता की तिगावच्या अलीकडच्या फाटकाजवळ खडीचं काम सुरू आहे. ऑटोवाल्याला फाटकाशी सोडायला सांगितलं.

फाटकातून पाहिलं तर दूरवर नारिंगी जॅकेट घातलेली माणसं दिसली. रुळाला लागून असलेल्या पायवाटेने मी चालायला लागले. साडीत खडीवरून चालता येत नाही, म्हणून खालून, गवतातून. माणसं ओळखू येण्याइतकी जवळ आले तेव्हा दादा दिसला. बाकीचे पाच जण एका बाजूला होते, स्लीपरखाली खडी ठोकत होते. दादा त्यांच्याकडे पाठ करून, थोडा अलग, एकटा ठोकत होता.

तेवढ्यात शिट्टी झाली.

लांब उभ्या माणसाने झेंडी वर केली होती आणि तो फुंकत होता. मला स्पष्ट ऐकू आली. पाचही जण सरळ झाले, अवजारं उचलली, रुळाबाहेर आले. दादाने ठोकणं थांबवलं नाही. एक घाव घातला, दुसरा घातला. त्याच्या समोर कोणाचेच पाय नव्हते.

मी ओरडले असेन. मला माझा आवाज आठवत नाही. त्यांच्यातला वयस्कर मेट, म्हणजे गँगचा मुख्य, चार पावलं मागं गेला आणि त्याने दादाच्या खांद्याला हात लावला. दादाने मान वर केली, मागं पाहिलं आणि एका उडीत बाहेर आला. गाडीला अजून वेळ होता. ती आली तेव्हा आम्ही सगळे खाली उभे होतो. मालगाडी होती, संपता संपेना. 

दादाने मला पाहिलं. तोंड एकदम कठीण झालं.

"तू काऊन आली अठी?"

मेटने विचारलं, "कोण आहे रे?"

"बहीण आहे. जाऊन राहिली थे."

"मी जात नाही," मी म्हटलं. मेटकडे वळले. "काका, मले तुमच्याशी बोलाचं आहे. दादाले शिट्टी ऐकू येत नाही."

पाचही जण आमच्याकडे पाहायला लागले. दादा म्हणाला, "काहीबाही सांगून राहिली. घरचं काही भांडण आहे, मेटसाहेब."

 मेट पाणी प्यायला, त्याने बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाला, "मी समजत होतो का तू कामाचा मोठा पक्का आहे. हातातलं झाल्याशिवाय हटत नाही. दोनदा तुले त्याच्यासाठी बोललो बी." थोडं थांबून त्याने विचारलं, "खरं आहे का हे?"

दादाच्या हातात ठोकायची जड कुदळ होती. ती तो एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला.

"सारीच नाही येत असं नाही," तो शेवटी म्हणाला.

मेटने ती कुदळ त्याच्या हातातून घेतली. रागाने नाही, जसं दमलेल्या माणसाच्या हातातलं ओझं घ्यावं तसं. "झाडाखाली बस," म्हणाला. "आज तू रुळावर येशीन नोको. साहेबाले मी फोन करतो."

दादा झाडाखाली जाऊन बसला. मी त्याच्याजवळ गेले तर तो उठून दुसऱ्या झाडाखाली गेला. मी तिथंच थांबले. दुपारी मोटरगाडी आली आणि त्याला घेऊन गेली. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

वहिनीला त्याच दिवशी कळलं. संध्याकाळी तिचा फोन आला. मला वाटलं रडेल. ती चिडली होती. "तुमी आधी मले सांगाले पाहिजे होतं," म्हणाली. "गँगच्या माणसायसमोर, सगळ्यायसमोर? त्यायले घरी तोंड दाखवाले जागा ठेवली नाही तुमी." मी म्हटलं, शपथ होती. ती म्हणाली, "शपथेले घेऊन काय करता. मी असती तं पहाटेच त्यायच्या गाडीची चावी लपवली असती." ती बरोबर बोलत होती. मला ते सुचलं नव्हतं.

पुढं तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कारण एक सांगितलं नाही. वीस वर्षं स्टेजवर स्पीकरच्या शेजारी उभं राहणं, रुळावरची यंत्रं, वय, सगळं मिळून असेल म्हणाले. बारीक आवाज परत येणार नाहीत हे मात्र स्वच्छ सांगितलं. कागदपत्रं फिरत राहिली. त्या काळात दादा घरी बसून होता आणि माझा एकही फोन त्याने उचलला नाही.

त्या सोमवारनंतर तीनच दिवसांनी, गुरुवारी, वहिनी गिटार घ्यायला सौंसरला आली होती. गटाने शनिवारसाठी दुसरा वाजवणारा शोधला होता, त्याच्याकडे गिटार नव्हती, आणि दादाने म्हटलं होतं, माझी घेऊन जा. ते तो कोणत्या मनाने म्हणाला असेल, याचा विचार करत मी टेबलाशी बसले. गिटार अजून उघडीच होती, डबीच्या क्लिपा लटकत होत्या.

त्या गिटारमध्ये काय घालायचं हे आजवर मी कधी ठरवलं नव्हतं. तो सांगायचा, मी टाका मारायचे. आता पहिल्यांदा माझ्या कानांनी ठरवायचं होतं. मी स्वतः तारा छेडल्या आणि स्विच फिरवला. ४७३ वर बटण खाली आणलं की शब्द तोंडात अडकल्यासारखा आवाज यायचा. १०३ वर बटणाने काही होतच नव्हतं, धार जाईना. २२३ वर बटण फिरवत आणलं तसा आवाज टप्प्याटप्प्याने मऊ होत गेला आणि शेवटपर्यंत सूर सुटा राहिला. वहिनी समोर बसली होती. मी तिला न विचारताच ती म्हणाली, "हा लग्नात आमच्या वाजवला होता त्यायनं, तसा आहे."

तेव्हा त्यात ४७३ होता. पण मी ते बोलले नाही. २२३ चा टाका मारला, झाकण बंद केलं, आणि ती गिटार घेऊन गेली.

दादाला नंतर पांढुर्णा स्टेशनवर सामानाच्या खोलीत काम मिळालं. अवजारं मोजून द्यायची, मोजून घ्यायची. पगार थांबला नाही, गँग सुटली. तो मला भेटला तो पुढच्या उन्हाळ्यात, आमच्याकडे जेवायला. वहिनीने आणलं म्हणून आला. डाव्या कानात यंत्र होतं. ते गिटारसोबत चालत नाही म्हणाला, पत्र्यावर वाजवल्यासारखं होतं, म्हणून वाजवताना काढून ठेवतो. गटात आता तो फक्त ताल धरतो. टोनचं बटण कुठं ठेवायचं ते गायिका येऊन ठरवते.

जेवताना त्याने विचारलं, "काय टाकलं होतं तू तिच्यात?"

"दोनशे तेवीस."

"मले विचाराचं नाही का?"

"तू फोन कुठं उचलत होता."

वहिनी आमटी आणायला आत गेली. तो ताटाकडे पाहून म्हणाला, "तू आली नसती, तं मी सांगितलं नसतं. कोणालेच."

"माहीत आहे मले."

"तरी बी मले राग येते. सगळ्यायसमोर सांगितलं तू."

"येऊ दे," मी म्हटलं. "मले दुसरं काही सुचलं नव्हतं, दादा."

त्याने मान हलवली. ती पटल्याची होती की नुसती ऐकल्याची, मला कळलं नाही. वहिनीने आमटी वाढली, त्याने अजून एक भाकर मागितली. आता तो महिन्या-दोन महिन्यांनी येतो, गिटार असो वा नसो. त्या सोमवारबद्दल मात्र तो पुन्हा बोललेला नाही आणि मीही विषय काढत नाही.